पाहणे आणि राहणे : परदेशी शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या अनुभवलेखनाचा विचार

१

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपल्या एका माजी विद्यार्थ्यास एक लहानसे काम सांगितले होते. हा विद्यार्थी लेखकाच्याच गावचा, म्हणजे पालघर जिल्ह्यातील बोईसरजवळच्या नवापूरचा. बोईसरहून मुंबईस गाडीने जाऊन-येऊन त्याने पदवी मिळविली आणि पुढे परदेशातील एका मोठ्या नगरात दोन वर्षे राहून तो उच्च शिक्षण घेऊन परत आला. त्या दोन वर्षांविषयी त्याने विभागातील विद्यार्थ्यांसाठी चार पाने लिहून द्यावीत, एवढीच अपेक्षा होती. त्याने ती लिहिली. भाषा शुद्ध होती, रचना नेटकी होती. विद्यापीठाचे ग्रंथालय, नदीवरील पूल, जमिनीखालून धावणारी रेल्वे, पहिला बर्फ, अध्यापकांचा मोकळा स्वभाव, हे सारे त्यात यथास्थित आले होते. मात्र तो राहत होता कोठे, जेवत होता काय, पैसे कोठून आणीत होता आणि रात्री त्याला झोप लागत होती की नाही, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता. विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “ते काय लिहायचे, सर?”

पुढे आठवड्याभरात त्याच्या घरी जाण्याचा योग आला. ओटीवर बसून तो आईशी गावच्या बोलीत बोलत होता. चौघांनी मिळून घेतलेली एक खोली. रात्रीचे काम संपवून आल्यावर जी खाट मोकळी असेल तिच्यावर अंग टाकणे. तांदळाची पिशवी किती दिवस पुरेल याचा हिशेब. आणि वाडी गहाण पडली आहे ही जाणीव, जी परीक्षेच्या दिवशीही उशाशी असे. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यात दोन वर्षे आली होती. चार लिखित पानांत त्यांतला एक दिवसही आला नव्हता.

जे बोलीत सहज सांगता येते ते लेखनात का येऊ नये, हा प्रश्न लेखकास तेव्हापासून छळतो आहे. त्याचे उत्तर त्या मुलाच्या संकोचात शोधणे सोपे आहे. परंतु विद्यार्थी जे लिहितो ते त्याने जे वाचलेले असते त्याच्या घडणीतून लिहितो. म्हणून दोष असलाच तर तो प्रथम आपल्या वाङ्मयात शोधला पाहिजे. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे जीवन मराठी लेखनात कोणत्या रूपाने आले आणि त्यातील कोणता भाग बाहेर राहिला, याचा विचार येथे दोन प्रमुख उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

२

आरंभी शब्दांकडे पाहू. ‘परदेश’ हा शब्द वरवर सरळ दिसतो. तथापि कोकणातल्या माणसाच्या तोंडी तो तितका सरळ राहत नाही. मराठीत ‘देश’ या शब्दास एक प्रादेशिक अर्थ आहे: घाटावरचा मुलूख. कोकणातला माणूस घाट चढून गेला की तो ‘देशावर’ जातो. म्हणजे ‘देश’ हेच मुळी त्याच्या दृष्टीने दुसरीकडचे ठिकाण होय. मग त्याचा ‘परदेश’ कोठे सुरू व्हावा? आमच्या किनाऱ्यावरील अनेक बोलींत ‘ण’ च्या ठिकाणी ‘न’ ऐकू येतो. असा उच्चार घेऊन मुंबईच्या महाविद्यालयात प्रथम उभ्या राहिलेल्या मुलास विचारावे. परक्या मुलखाची पहिली खूण त्याला सहवर्गीयांच्या हसण्यात पटलेली असते. बोईसरपासून चर्चगेटपर्यंतचे शंभरएक किलोमीटर हे त्याच्या परदेशगमनाचे पहिले प्रकरण होय, असे म्हणावयास हरकत नाही.

‘विलायत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. मूळचा अर्थ सत्ता, त्यावरून सत्तेखालील प्रांत. मराठीत मात्र इंग्रजी अमदानीत तो इंग्लंडास चिकटला. विशेषण झाल्यावर त्याचा अर्थ पुन्हा सैल झाला. आमच्याकडे बांधावर जी विलायती चिंच असते ती मूळची अमेरिका खंडातली. तिचा आणि इंग्लंडचा काही संबंध नाही, आणि ती पाडून खाणाऱ्या पोरांच्या मनात ती परकी असल्याची कल्पनाही नसते. विलायतेतून आलेली वस्तू आपण अशी पचवून टाकतो. विलायतेस गेलेल्या माणसाचा अनुभव पचविणे तितके सुकर नसते, कारण त्यासाठी तो प्रथम सांगितला जावा लागतो.

आजचा रूढ शब्द ‘फॉरेन’ हा होय, आणि त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. आपण ‘मुलगा परदेशात असतो’ असे म्हणतो, किंवा जुन्या सप्तमीचा अवशेष जपून ‘परदेशी असतो’ असे म्हणतो. ‘घरी’, ‘गावी’ या रूपांची ही भावंडे आहेत. ‘परदेशाला असतो’ असे मात्र कोणी म्हणत नाही. उलट ‘फॉरेनला असतो’ हा प्रयोग सर्रास ऐकू येतो. ‘असणे’ या क्रियापदाबरोबर स्थलवाचक ‘ला’ हा प्राधान्याने गावांच्या नावांस लागतो: मुंबईला असतो, डहाणूला असतो. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात ‘फॉरेन’ हे एकच एक गाव झालेले असते. त्या गावास रस्ते नाहीत, वस्त्या नाहीत, भाडे नाही, ऋतू नाहीत. न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन यांतला भेद त्यात बुडून जातो. गावात ज्या अनुभवासाठी असा एकच शब्द उपलब्ध आहे, त्या अनुभवाचे वर्णन करावयास बसलेल्या मुलास प्रारंभीच अडचण पडली तर नवल नाही.

३

आता वाङ्मयाकडे वळू. मराठीत परदेशवर्णनाची परंपरा समृद्ध आहे. पंडिता रमाबाईंचे ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चे आणि पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची. या पुस्तकांनी मराठी वाचकास दूरचे जग दाखविले आणि आपल्या गद्याला एक मोकळी चाल दिली. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढील भेद सांगावयाचा आहे.

प्रवासवर्णनाचे मध्यवर्ती क्रियापद ‘पाहणे’ हे आहे. प्रवासी पाहतो, तुलना करतो, हसतो, थक्क होतो आणि पुढच्या गावास निघतो. गैरसोय झाली तरी ती मुक्कामापुरती असते आणि लिहिताना ती विनोदाची सामग्री होते. विद्यार्थ्याचे क्रियापद ‘राहणे’ हे होय. नगराचे प्रेक्षणीय रूप पहिल्या पंधरवड्यात संपते; त्यानंतर उरते ते नगराचे वापरण्याचे रूप. कोणत्या दुकानात पीठ स्वस्त मिळते, घरमालकीण कोणत्या वासाने रागावते, कोणत्या वाचनालयात संध्याकाळपर्यंत ऊब असते, हे ज्ञान प्रवाशास लागत नाही आणि विद्यार्थ्यास त्यावाचून दिवस काढता येत नाही.

मराठीत ‘राहणे’ या धातूचा व्याप मोठा आहे. त्याचा अर्थ वास्तव्य करणे असा आहे. मागे उरणे असाही आहे. क्रिया न संपता चालू असणे हेही तो दाखवितो, जसे ‘वाट पाहत राहिला’. आणि एखादी गोष्ट करावयाची चुकली हेही त्यानेच सांगता येते, जसे ‘विचारावयाचे राहून गेले’. परदेशी शिकणाऱ्याच्या अनुभवाला या चारही अर्थांचे धागे असतात. तो तेथे राहतो. त्याचे काही येथे राहते. तो वाट पाहत राहतो. आणि परत आल्यावर पुष्कळसे सांगावयाचे राहून जाते. या लेखाचा विषय मुख्यतः हा शेवटचा अर्थ आहे.

४

पहिले उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली, जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरास उतरली, न्यू जर्सीतील रोझेल येथे श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी प्रथम राहिली आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यास तिचा अंत झाला.

हे जीवन वाङ्मयात किती लवकर आले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली, म्हणजे मृत्यूनंतर अवघ्या वर्षभरात, बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले आणि आनंदीबाईंची पत्रे वाचकांपुढे ठेवली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली. त्याच नावाचा चित्रपट २०१९ साली आला. आजच्या सामान्य वाचकाच्या मनातील आनंदीबाई बव्हंशी या कादंबरीने घडविलेल्या आहेत.

कादंबरीचे नावच तिचा केंद्रबिंदू सांगते. एका विलक्षण पतीचा हट्ट आणि त्या हट्टातून घडलेली पत्नी, हे तिचे नाट्य होय. ते नाट्य खरे आहे आणि जोशी यांनी ते समर्थपणे उभे केले आहे, याविषयी वाद नाही. पण या रचनेत परदेश हे त्या दोघांमधील अंतराचे नाव होते. पती येथे, पत्नी तेथे. मध्ये समुद्र, आणि समुद्रावरून जाणारी-येणारी, कधी जिव्हाळ्याची तर कधी जिव्हारी लागणारी पत्रे. फिलाडेल्फिया हे नगर त्या अंतराचे दुसरे टोक एवढ्यापुरतेच शिल्लक उरते. तेथे दररोज सकाळी उठून शवविच्छेदनास जाणारी विद्यार्थिनी दांपत्यकथेच्या छायेत उभी राहते.

पत्रव्यवहार आणि मूळ साधने यांच्याकडे गेले की ही विद्यार्थिनी आपल्याला भेटू लागते. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंवर केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे. त्यातून दिसणारी एक गोष्ट पाहा. थंडीमुळे आनंदीबाईंनी नऊवारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला, कारण नऊवारीत पाय उघडे पडत. हा तपशील चरित्रात एका ओळीचा आहे. परंतु त्या ओळीत केवढा विचार सामावला आहे! पाश्चात्त्य पोशाख करावयाचा नाही हा निश्चय एका बाजूस. फिलाडेल्फियाचा हिवाळा दुसऱ्या बाजूस. आणि त्या दोहोंमधून काढलेली वाट तिसऱ्याच प्रांतातून, गुजरातेतून, गेलेली. नगरात राहणे म्हणजे काय याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. येथे सिद्धान्त नाही, घोषणा नाही; शरीर, हवामान आणि मर्यादा यांचा दररोज करावयाचा मेळ आहे. अन्नाचेही तसेच. परक्या हवेत, आपले अन्न सुटू न देण्याच्या निर्धाराने, अभ्यासाचा भार वाहणाऱ्या त्या देहाचा क्षय कसा होत गेला, हे आपणांस बहुधा शेवटच्या प्रकरणातील शोकरसाची पूर्वतयारी म्हणून सांगितले जाते. ते विद्यार्थिजीवनाचे रोजचे वास्तव म्हणून क्वचितच सांगितले जाते.

पत्रांच्या भाषेकडेही लक्ष वेधले पाहिजे. आनंदीबाई पतीस मराठीत लिहीत आणि कार्पेंटरबाईंना, ज्यांना त्या मावशी मानीत, इंग्रजीत लिहीत. एकच व्यक्ती, एकच वास्तव्य, दोन भाषा आणि दोन वाचक. मराठी पत्राच्या वाचकाकडे परवानगीचा आणि संशयाचा अधिकार होता. इंग्रजी पत्राच्या वाचकाकडे मायेचा आणि मदतीचा. साहजिकच एका भाषेत स्वतःचे समर्थन अधिक येणार आणि दुसरीत मनमोकळेपण अधिक येणार. आपल्या भाषेत लिहिले म्हणजे अनुभव आपोआप खरा उतरतो, ही आपली एक लाडकी समजूत आहे. आनंदीबाईंची पत्रे तिला तडा देतात. भाषा कोणती यापेक्षा त्या भाषेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे अनुभवाच्या कथनास अधिक निर्णायक ठरते.

५

दुसरे उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. १९१५ मध्ये ते एम्. ए. झाले, मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. होऊन आले.

चां. भ. खैरमोडे यांच्या बहुखंडी मराठी चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे आणि मराठी १९६६ चे. चरित्रलेखनाचा एक मोठा गुण येथे आढळतो: नायकाच्या पोटाची चौकशी करावयास हे चरित्रकार लाजत नाहीत. लंडनच्या बिऱ्हाडी मिळणारा पावाचा तुकडा, दिवसभर ग्रंथालयात बसून आल्यावर रात्री उठणारी भुकेची कळ आणि एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून दुधाच्या पेल्याबरोबर खाणे, ही हकीकत मराठी वाचकांच्या स्मरणात पक्की बसली आहे.

तिच्या वाचनाची रीत मात्र तपासून पाहिली पाहिजे. शालेय भाषणांत, गौरवग्रंथांत आणि जयंतीच्या व्याख्यानांत हे पापड तपश्चर्येचे प्रतीक होतात. एवढे कष्ट सोसले म्हणून एवढी थोरवी लाभली, असा कार्यकारणभाव त्यात गृहीत धरला जातो. या रीतीने भुकेला अर्थ प्राप्त होतो खरा. पण ज्याची भूक कोणत्याही थोरवीपर्यंत पोहोचली नाही, अशा विद्यार्थ्याच्या भुकेला काय म्हणावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. तपश्चर्येच्या कथेत फळ न मिळालेल्या तपस्व्याला जागा नसते. आमच्या नवापूरच्या मुलाने आपली खोली लेखनातून वगळली, ती बहुधा याच कारणाने. त्याचे कष्ट त्याला सांगण्यायोग्य वाटले नाहीत, कारण त्यांचे फळ अद्याप दिसत नव्हते आणि वाडी अजून गहाणच होती.

स्वतः आंबेडकरांनी आपल्या परदेशवासाचा जो अर्थ लावला तो या तपश्चर्येच्या कथेहून फार वेगळा आहे. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत काही आत्मकथनपर टिपणे लिहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. त्यांतील एका प्रकरणात बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याचा प्रसंग आहे. तेथे न्यूयॉर्क-लंडनची वर्णने नाहीत. जे आहे ते एवढेच की, अमेरिका व युरोप येथील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याची जाणीव मनातून पार पुसली गेली होती. आणि बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती एका प्रश्नाच्या रूपाने परत आली. तो प्रश्न म्हणजे: राहावयाचे कोठे?

या प्रश्नातच आपल्या विवेचनाचा गाभा आहे. न्यूयॉर्कमध्ये आंबेडकर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले. खोलीतला सोबती नवल भथेना हा पारशी तरुण होता आणि तो जन्माचा मित्र झाला. बडोद्यास त्यांनी आश्रय घेतला तोही एका पारशी धर्मशाळेत, पण जात लपवून. आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या पारशी जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. तीच ‘राहणे’ ही क्रिया, समाजही एकच, पहिल्या नगरात ती इतकी सहज झाली की तिची नोंद करावी असे वाटू नये, आणि दुसऱ्या नगरात ती अशक्य झाली. परदेशातील नगराचे खरे वर्णन आंबेडकरांनी असे स्वदेशातील नगराच्या प्रकरणात केले आहे. ज्या गोष्टीचा अभाव जाणवला तिच्यावरून पूर्वीच्या तिच्या अस्तित्वाची किंमत कळते. प्रवासवर्णनकाराला ही किंमत कळणे कठीण, कारण त्याला बडोद्याच्या स्थानकावर उतरावयाचे नसते. त्याचे घर त्याची वाट पाहत असते.

आणखी एक गोष्ट. १९१६ च्या त्या निबंधात जातिसंस्थेची मीमांसा आहे, पण मीमांसकाच्या स्वतःच्या जीवनाचा अंशही नाही. शास्त्रीय लेखनाची ती शिस्तच आहे आणि ती योग्य आहे. तथापि विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एक ताण यातून दिसतो. परदेशी विद्यापीठ त्याला जी भाषा शिकविते तिच्यात स्वतःविषयी बोलावयाचे नसते, आणि घरच्या पत्रात बोलावे तर घरच्यांची झोप उडते. मधल्या भाषेची सोय त्याला कोणीच करून दिलेली नसते.

६

विद्यार्थ्याचे ‘राहणे’ लेखनाबाहेर का राहते याची तीन कारणे यावरून मांडता येतील.

पहिले कारण वाचकाचे. विद्यार्थ्याचा पहिला वाचक त्याचे कुटुंब असते, आणि ते कुटुंब बहुधा त्याचे धनकोही असते. दागिने मोडून, जमीन किंवा होडी गहाण ठेवून, अथवा बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून ज्यांनी पाठविले त्यांना ‘मी सुखरूप आहे’ याखेरीज काही कळविणे हे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. पत्राची जागा आता दूरध्वनीने आणि चलच्चित्राने घेतली आहे. परंतु त्या चौकटीतही खोलीची नीट आवरलेली बाजूच दाखविली जाते.

दुसरे कारण रचनेचे. आपल्या चरित्रांना प्रस्थान आणि पुनरागमन ही दोन प्रकरणे प्रिय आहेत. निरोपाचे भाषण आणि सत्काराचे भाषण यांमध्ये जी दोन-तीन वर्षे जातात ती ‘तेथे त्यांनी कसून अभ्यास केला’ अशा एका वाक्यात मिटतात. ज्या काळात माणूस घडला त्याच काळावर आपण सर्वांत कमी शाई खर्च करतो.

तिसरे कारण भाषेचे, आणि भाषेच्या अभ्यासकाला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रमाण मराठीत सोहळ्याची भाषा आहे, शास्त्राची आहे, विनोदाची आहे. भाड्याच्या खोलीची, उसनवारीची, ओल्या मोज्यांची भाषा आपल्यापैकी बहुतेकांजवळ बोलीतच असते. त्या मुलाने ओटीवर जे सांगितले त्यातील निम्मे शब्द त्याने लेखनात कधी वापरले नसतील. लेखन म्हणजे बोलीतून बाहेर पडणे, असे शाळेने त्याला शिकविले; बोलीबरोबर अनुभवही बाहेर पडला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

याच संदर्भात सर्वनामांची एक लकब नोंदवून ठेवण्याजोगी आहे. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्याला आत घेते आणि ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. परदेशी गेलेला मुलगा प्रथम विचारतो, ‘आपल्याकडे पाऊस लागला का?’ काही महिन्यांनी तो सांगतो, ‘आमच्याकडे बर्फ पडला.’ ज्या दिवशी ‘आमच्याकडे’ या शब्दाने ते परके नगर दर्शविले जाते, त्या दिवशी त्याचे तेथे राहणे पुरे होते. हा बदल मुलाच्या लक्षात येत नाही. आईच्या मात्र तत्काळ येतो. एवढ्या एका प्रत्ययाच्या हालचालीत जी कथा आहे ती आपल्या कथाकारांनी अजून पुरतेपणी लिहिलेली नाही.

७

यावर एक आक्षेप संभवतो. खोलीचे भाडे, थंडी आणि तांदूळ या गोष्टी सर्वांच्याच वाट्यास येतात. त्यांची नोंद म्हणजे गाऱ्हाणे होईल, वाङ्मय होणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. नुसत्या तपशिलाची रास म्हणजे अनुभव नव्हे, आणि दैन्याचे प्रदर्शन हे वैभवाच्या प्रदर्शनाइतकेच कंटाळवाणे होऊ शकते. तपशिलाला अर्थ येतो तो निवडीमुळे. आनंदीबाईंच्या नेसण्यातील बदल अर्थपूर्ण ठरतो, कारण त्यात एक निर्णय आहे. आंबेडकरांचा ‘राहावयाचे कोठे’ हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो, कारण त्यात दोन नगरांची आणि दोन समाजांची तुलना एकवटली आहे. गाऱ्हाणे स्वतःपाशी थांबते; असा तपशील स्वतःच्या पलीकडे बोट दाखवितो. समीक्षकाने मागणी करावयाची ती याची.

ही मागणी केवळ वाङ्मयीन सौंदर्याची नाही. तारापूरची अणुवीज १९६९ साली अमेरिकन साहाय्याने सुरू झाली तेव्हा परदेश आमच्या किनाऱ्यावर चालत आला होता; आता आमची मुले त्याच्याकडे जात आहेत. पूर्वी संस्थानिकांच्या किंवा दात्यांच्या आश्रयाने एखादाच जाई. आज किनाऱ्यावरच्या लहान गावांतूनही मुले-मुली जातात, आणि त्यांतील कित्येकांच्या हाती सत्काराचा नारळ येत नाही. त्यांना वाचावयास आपण काय देतो? प्रेक्षणीय स्थळांची वर्णने आणि थोरांच्या तपश्चर्येच्या कथा. पहिल्या हिवाळ्यात परक्या खोलीत अंधार लवकर पडतो तेव्हा या दोहोंचा उपयोग होत नाही. तेथे त्या मुलास वाटते की, हे एकटेपण आपल्या एकट्याचेच आहे आणि ते आपल्याच दुबळेपणाचे लक्षण आहे. जे लेखन त्याला ‘असे होते, पूर्वीही झाले होते’ एवढे सांगू शकेल, ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

मराठी विभागांनी या बाबतीत एक साधे काम हाती घेण्यासारखे आहे. परदेशी शिकून आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या वास्तव्याची हकीकत ध्वनिमुद्रित करून घ्यावी. ती त्यांच्या बोलीत असावी, आणि ती टिपून घेताना प्रमाण रूपांत बदलू नये. घरोघरी ट्रंकेत पडलेली जुनी पत्रे मालकांच्या संमतीने प्रती काढून जतन करावीत. बोलींच्या अभ्यासकाला त्यात सामग्री मिळेल, चरित्रकाराला मधले हरवलेले प्रकरण मिळेल, आणि कदाचित एखाद्या लेखकाला आपली भाषा सापडेल.

त्या माजी विद्यार्थ्यास लेखकाने ती चार पाने परत दिली आणि ओटीवर जे बोललास तेच लिही, असे सुचविले. त्याने पाने घेतली; हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. अलीकडे बोईसर स्थानकावर तो भेटला तेव्हा त्याने आपण होऊन सांगितले की, पहिले वाक्य झाले आहे. काय आहे ते विचारल्यावर त्याने ते गावच्या बोलीत म्हणून दाखविले. ते त्याच्या खाटेविषयी होते. गाडी आली आणि पुढचे विचारावयाचे राहून गेले.